डोळ्यांच्या दवाखान्यातला फिका पडदा

मी एक जुना टचस्क्रीन आहे. अलेक्झांड्रियातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात दाराशीच उभा राहून पेशंटांची हजेरी घेतो. मित्रांनो, मला राग आलेला आहे आणि तो लपवायची माझी इच्छा नाही.

मला बसवलं तेव्हा माझं रूप साधं होतं. पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं. उजवीकडे मोठं हिरवं बटण ‘हजर’, डावीकडे छोटं लाल ‘रद्द’. इथली माणसं अरबी, म्हणजे उजवीकडून वाचतात, त्यामुळे हात आधी तिकडेच जातो. मोतीबिंदूवालेसुद्धा मला चटकन दाबून बाकावर बसत. हज करून आलेली म्हातारी, हज्जा सनिय्या, तर दर खेपेला ओढणीच्या टोकाने माझी काच पुसायची. मला फार बरं वाटायचं.

मग इंजिनिअर तामेर आला. "किती गावठी दिसतोय हा!" म्हणाला आणि एक परदेशी साचा त्याने जसाच्या तसा माझ्यावर चढवला. पांढऱ्यावर फिकी करडी, केसासारखी बारीक अक्षरं. दोन्ही बटणं राखाडी. ‘हजर’ डावीकडे गेलं, ‘रद्द’ उजवीकडे आलं. दवाखान्याच्या साहेबलोकांनी माझे फोटो काढले. त्या सगळ्यांचे डोळे ठणठणीत होते.

त्या मंगळवारी हज्जाच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. डोळ्यातला दाब वाढत चालला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा दिवस चुकवू नका. तिने सवयीने उजवीकडे दाबलं. मला शिकवलं होतं तेच मी केलं, ऑपरेशन रद्द. करड्या अक्षरांत तसं लिहूनही आलं, पण तिला ते दिसलं नाही. ती बाकावर बसून राहिली. दुसऱ्याच पेशंटला आत नेलं आणि फक्त मंगळवारी येणारे डॉक्टर कैरोला निघून गेले.

पुढच्या मंगळवारपर्यंत तो डोळा गेला होता.

डाव्या डोळ्याच्या तपासणीला ती आली, तेव्हा तामेर तिथेच होता. तिने माझ्यावर थाडकन हात मारला.

"हज्जा, वाचून दाबायचं ना," तो म्हणाला. "सगळं लिहिलंय तिथे."

"लिहिलंयस रे राजा, पण कुणासाठी? ज्यांना धड दिसतं ते इथे हवा खायला येतात का?" ती नर्सकडे वळली. "इन्शिराह, ह्याच्या डोळ्यांत थेंब घाल. आम्हाला घालतेस तेच."

सगळे बघत होते, त्याला नाही म्हणता येईना. थेंब पडले, बाहुल्या फाकल्या. मग हज्जाने त्याला माझ्यासमोर उभं केलं.

"आता लाव माझी हजेरी."

तो डोळे चोळत राहिला. स्वतः निवडलेली अक्षरं त्याला दिसेनात. शेवटी त्याचाही हात उजवीकडेच गेला.

"पुन्हा रद्द केलंस मला," हज्जा म्हणाली. कुणीच हसलं नाही.

इन्शिराहने तिला हाताला धरून आत नेलं. त्याच आठवड्यात माझी अक्षरं पुन्हा काळी झाली, बटणं आपापल्या जागी आली. मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखे पडदे सजवाल. रंग, अक्षरं आणि जागा निवडताना ज्याला सगळ्यांत कमी दिसतं त्याला आधी विचारा. फोटो काढणाऱ्यांना नका विचारू.

हज्जा अजून येते. एका डोळ्याने मला वाचते, ‘हजर’ दाबते आणि पुढे जाते. माझी काच मात्र ती आता पुसत नाही. का पुसावी?