शेवटच्या कड्याचा श्वास

"आता माझ्या श्वासाचीही अडचण व्हायला लागली यांना," भावोजी मागून माझ्या कानाशी पुटपुटले. दलदलीवर टाकलेल्या फळ्यांवरून आम्ही एकामागे एक चाललो होतो. पुढं चालणाऱ्या हेल्मीला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं. गेलं. पोरीचे कान लाल झाले.

निल्लास भावोजी म्हणजे माझ्या इंगाताईचे यजमान. ताई गेल्यापासून दलदलीतल्या मोजणीच्या गोल कड्यांचं काम त्यांच्याकडे आहे. जमिनीत रोवलेल्या प्रत्येक कड्यावर डबा पालथा घालायचा, यंत्र जोडायचं आणि आतल्या काळ्या मातीतून किती कार्बन डायऑक्साइड निघतोय ते बघायचं. खालचा बर्फ वितळला की ती जुनी, शेवाळाची माती कुजायला लागते. आकडे दक्षिणेत विद्यापीठात, हेल्मीकडे जातात.

शेवटचं कडं आतल्या बर्फानं वर उचलून धरलेल्या उंचवट्यावर. ताई तिथं केशरी बेऱ्या वेचायची. बेऱ्यांची जागा आमच्यात कुणी कुणाला सांगत नाही, नवऱ्यालाही नाही. ताईनं भावोजींना सांगितली ती अंथरुणाला खिळल्यावर.

आणि नेमका त्याच कड्याचा आकडा फुगायचा. का ते गावात सगळ्यांना माहीत होतं. कुठंही थांबायचं तर आम्ही आधी त्या जमिनीला हाक देतो, चार शब्द बोलतो. भावोजी चार शब्दांवर थांबत नसत. गुडघे टेकून, कड्यावर वाकून सगळं सांगायचे: कुत्रं लंगडतंय, जाळं फाटलं, मुलीनं फोन केला नाही. मग डबा ठेवायचे. त्यांचा श्वास आतच कोंडला जायचा.

त्याच दिवशी सकाळी माझ्या स्वयंपाकघरात आमच्या पद्धतीनं कॉफीत सुक्या मांसाचा तुकडा बुडवत हेल्मीनं हळूच सांगितलं, की श्वास असाच आकड्यात मिसळत राहिला तर इथं आपोआप चालणारं यंत्र बसवावं लागेल. कामाचं निमित्त गेलं की दलदलीत एकटाच बडबडत बसणाऱ्या म्हाताऱ्याला मुलगी शहरात घेऊन जाणार, हे भावोजींना कळत होतं.

उंचवट्यावर पोचल्यावर ते गुडघ्यावर बसले नाहीत. टोपी सारखी केली, तोंड वाऱ्याकडे फिरवलं, ओठ घट्ट मिटले आणि हात लांब करून डबा ठेवला. जमिनीला हाक न देता. मला बघवेना, मी डास मारत राहिले.

आकडा आला. हेल्मीनं भुवया आक्रसल्या. डबा उचलून, हवा जाऊ देऊन पुन्हा ठेवायला सांगितला. भावोजींनी पुन्हा ठेवला, पुन्हा मुकाट्यानंच.

आकडा तेवढाच. उलट जरासा जास्तच.

हेल्मी बाहीनं यंत्राची काच पुसत बसली. "काम तुमच्याकडेच राहील," ती शेवटी म्हणाली. आनंदाची बातमी अशा आवाजात कुणी सांगत नाही. मी कॉफीचा विषय काढला. तेवढ्यात उंचवट्याच्या कडेचं एक ढेकूळ सुटलं आणि डुबुककन पाण्यात गेलं.

भावोजी त्या पाण्याकडे बघत राहिले. मग टोपी काढून खाली बसले. कड्यावर हात ठेवला.

"म्हणजे मी नव्हतोच," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "इंगा गेलीय, एल्ले. आता ही जमीनपण चाललीय. मग मी बोलू कुणाशी?"