प्लास्टरमामांची सवय

"हलू नकोस हं बयो, नाहीतर पायाबरोबर टेबलही कापीन," म्हणत हॉस्पिटलातल्या प्लास्टरमामांनी कटर चालवला. बारा वर्षांची पोर खुदकन हसली. सहा आठवड्यांचं प्लास्टर दोन तुकडे होऊन पडलं. प्लास्टरमधून निघालेला पाय वाळकाच असतो. हिची पोटरी मात्र सुजून टम्म झाली होती. तेव्हाच डॉक्टरांना हाक मारायला हवी होती. पण बाहेर रांग लागली होती.

"दुखतंय, मामा."

"दुखणारच. आतलं रक्त झोपलंय, उठवू या त्याला." गेली तीस वर्षं मामा प्रत्येक पोराची पोटरी अशीच चोळून देत आले होते. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. लळा, दुसरं काय!

पोर आधी हसली. मग तिला श्वासच घेता येईना. ओठ निळे पडले आणि ती टेबलावरून धाडकन खाली कोसळली.

नाडी लागेना. मामांनी डॉक्टरांच्या नावानं बोंब ठोकली, तिच्या छातीवर दोन्ही हात ठेवले आणि जोरजोरात दाबायला सुरुवात केली. एक बरगडी कट्कन मोडली. ते थांबले नाहीत. बोंब ऐकून बाहेर बसलेला तिचा बाप आत धावला. तो गॅरेजवाला, हात लोखंडाचे.

"माझ्या पोरीला मारतोस?"

पहिल्या ठोशात मामांचा चष्मा फुटला, दुसऱ्यात दोन दात पडले. मग पाठीत लाथा बसू लागल्या. तोंडातलं रक्त पोरीच्या फ्रॉकवर गळत होतं आणि मामा मोजत होते, "अठरा, एकोणीस, वीस..." डॉक्टर येईपर्यंत त्यांनी हात उचलले नाहीत.

पोर वाचली.

"पायात रक्ताची गुठळी झाली होती. ती सुटून फुप्फुसात अडकली," डॉक्टर नंतर मामांना एकट्याला गाठून म्हणाले. "चोळल्यानंच सुटली असावी. पण तुम्ही गप्प राहा."

सहा महिन्यांनी बाप तिला घेऊन आला. गुठळीनं वाढलेला फुप्फुसातला रक्ताचा दाब काही उतरला नव्हता. चार पायऱ्या चढून ती बाकावर धापा टाकत बसली. बापानं मामांपुढं हात जोडले.

"तुम्ही तिचा जीव वाचवत होता आणि मी जनावरासारखा तुटून पडलो. माफ करा मला."

त्याचे ठोसे मामांनी सोसले होते, हे जोडलेले हात मात्र सोसवेनात.

"हात नका जोडू. पाय सुजलेला दिसत होता, तरी मीच चोळला. गुठळी माझ्या हातानं सुटली."

बापाच्या मुठी वळल्या. मामांनी नवा चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते तसेच उभे राहिले.

बापानं त्यांच्याकडे बघितलं. मग त्यानं मुठी सोडल्या आणि वाकून पोरीला पाठीवर घेतलं.

"येते हं, मामा," ती धापा टाकत म्हणाली.

पायऱ्यांपर्यंत ते दोघं मामांना अंधुक दिसले, मग दिसेनासे झाले. चष्मा खिशातच होता.