धोंडसाचा टोप, मुक्काम पाथरी

मी एक बिडाचा टोप बोलतोय. रंगानं काळा, उचलायला जड. मला ओतलं कारखान्यात, पण वळण लागलं ते राजापुरात, धोंडस भाजताना. जून काकडी किसायची, तिच्यात तांदळाचा रवा, गूळ नि ओलं खोबरं कालवायचं आणि खाली-वर निखारे ठेवून खरपूस भाजायचं, हे धोंडस.

कावेरीच्या लग्नात तिच्या आईनं मला तिच्याबरोबर दिलं. तिचे यजमान अनंतराव निजामाच्या मुलखात, पाथरीला मास्तर होते. हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं माझं झाकण उघडलं, आतले नारळ पाहिले नि हसून पुन्हा लावलं. मानवत रोड स्टेशनला उतरून आम्ही बैलगाडीनं पाथरी गाठली.

नारळ लवकरच संपले. इथं नारळ देवापुढं फुटतो, रोजच्या स्वयंपाकात नाही. तांदूळही सणावारीच. शेजारच्या तानुबाई मला भगुनं म्हणायच्या. माझ्यात वरण शिजू लागलं. वरणाला माझी ना नव्हती, पण झाकणावर निखारे नसले की चुकल्यासारखं वाटायचं.

पुढच्या पावसाळ्यात कावेरीला दिवस गेले. ताट समोर आलं की ती तोंड फिरवायची. अंगावरचं मांस उतरलं, अनंतराव धास्तावले.

तानुबाईंनी तिला जवळ बसवलं. "मास्तरीनबाई, मनात काय हाय ते सांगा तरी."

"धोंडस," कावेरी म्हणाली. त्याला काय काय लागतं ते तिनं बोटांवर मोजून सांगितलं. "त्यातलं इथं काहीच मिळत नाही."

"गूळ हाय की," तानुबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेतातून पिकलेली वाळकं आणली. वाळूक म्हणजे इकडची जाडजूड, आंबूस काकडी. रव्यासाठी ज्वारी भरडली, खोबऱ्याऐवजी दाण्याचा कूट घातला, वर तीळ पेरले. पण पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या सुक्या काड्यांचा, जाळ भडकला आणि लगेच विझला. माझं बूड करपलं, वरचं सगळं कच्चं राहिलं. कावेरी पायरीवर जाऊन बसली.

तानुबाईंनी मला राखेनं घासलं. "पऱ्हाटीला लय घाई. गोवऱ्या लावू."

गोवरीचा विस्तव सावकाश चढला. माझ्या पोटातून वास सुटला. राजापूरचा नव्हता, पण कावेरी पायरीवरून उठून आत आली.

तिनं एक वडी खाल्ली.

"हे धोंडस नव्हे."

तानुबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात कावेरीनं ताटली पुढं केली. "आणखी द्या."

पुढं हेमा झाली. गल्लीत कुणालाही डोहाळे लागले की मला बोलावणं येऊ लागलं. मी आनंदानं जायचो.

हेमा शाळेत जाऊ लागली, तेव्हा अनंतरावांना राजापुरात नोकरी मिळाली. सामान बांधताना कावेरीनं मला उचललं आणि तानुबाईंच्या चुलीपाशी नेऊन ठेवलं. त्यांची सून तेव्हा पोटुशी होती.

"तिकडं टोप बाजारात मिळतो, तानुबाई. वाळूक मिळत नाही."

तानुबाईंनी चिंधीत बांधलेलं वाळकाचं बी तिच्या मुठीत दिलं. "तांबड्या मातीत येतंय का न्हाई, देव जाणे. लावून बघा."

आता मी इथलाच. भगुनं म्हटलं तरी ओ देतो. गोवरीची सावकाश ऊब मला मानवलीय. माझं काही मागणं नाही. तुमच्यापैकी कुणी राजापूरकडे गेलंच, तर कावेरीच्या परसात डोकावून या. वेल धरला का, तेवढं सांगा.