मास्तरांच्या पोटात दुखतं

मोठ्या आतड्याचा वीतभर तुकडा काढून टाकल्याला आठ महिने झाले होते. मास्तर शिवणकामाच्या दुकानात परत आले, ते पाहुण्यासारखे. कापडं बेतण्याच्या लांब टेबलापाशी आता त्यांचा मेहुणा उभा असे. त्याला कात्री धरायला मास्तरांनीच शिकवलं होतं. स्वतः मास्तर खुर्चीत बसून बटणं लावत. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. खरं तर कशाचंच काही वाटत नसे. दिवस उगवे, बटणं लागत, दिवस मावळे. मधूनच बेंबीच्या डाव्या अंगाला कुणीतरी आतून मूठ आवळी आणि सावकाश सोडी.

मालकांनी मेहुण्याला कायमचं मुख्य कारागीर केल्याचं जाहीर केलं, नेमकी तेव्हाच ती मूठ आवळली. मास्तर वाकले. मांडीवरचं जाकीट खाली घसरलं.

"काय झालं हो?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"पोटात दुखतंय."

इस्त्रीवाला फिस्सकन हसला. "दुखणारच! मेहुणा वर चढला की भल्याभल्यांच्या दुखतं!"

दुकान हसलं. मास्तरही हसले, आणि हसण्याने कळ आणखी वर चढली.

त्या दिवसापासून ते वाक्य त्यांना बंद झालं. भाषेने एकाच वाक्यात दोन रोग कोंबले होते, आणि लोकांना नेहमी दुसराच ऐकू येत होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "जखम भरताना आतडी आत चिकटतात. थोडं दुखत राहील. पण वाढलं, पोट फुगलं, तर लपवू नका. जिवावर बेतेल." आता दोन दिवस पोट नगाऱ्यासारखं ताठ होतं. तरी मास्तर बटणं लावत राहिले.

दुपारी ताट तसंच राहिलेलं पाहून बायको म्हणाली, "माझ्या भावाचं जरा बरं झालं, तर घास उतरेना होय?"

"तसं नाही."

"मग कसं?"

उत्तर एकच होतं. ते त्यांनी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. लोक म्हणतात ते खरंच असेल का, असंही त्यांच्या मनात आलं. त्यांनी आत चाचपून पाहिलं. तिथे मत्सर नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याने एक कोट पुढे केला. "दाजी, जरा बघा ना. गिऱ्हाईक म्हणतं, पाठीत आवळतो. मापं तर बरोबर आहेत."

मास्तरांनी कोट उलटा केला, बोटं फिरवली. "मापं बरोबरच आहेत. आत अस्तर चिकटलंय, म्हणून शिवण ओढतेय. बाहेरून नाही दिसायचं." ते थांबले. मग कोटाकडेच बघत म्हणाले, "माझंही तसंच झालंय."

"काय?"

"आत शिवण ओढतेय."

मेहुणा हसला नाही. कारागिराला यात हसण्यासारखं काही नव्हतं. "कधीपासून?"

"आठ महिने. परवापासून फार."

"कुठे?"

मास्तरांनी बोट ठेवलं. मेहुण्याने सवयीने कानावरचा खडू काढला आणि सदऱ्यावर तिथे फुली मारली. मग तोच ओशाळला. "चुकलं, दाजी. हात आपोआप गेला."

"असू दे."

"काय मास्तर, अजून दुखतंय का?" पलीकडून इस्त्रीवाला खिदळला.

"तोंड बंद कर आणि गाडी बोलाव," मेहुणा म्हणाला.

इस्पितळात मास्तरांच्या नाकातून नळी घातली, खाणंपिणं बंद केलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, या खेपेला कापायची गरज नाही; मात्र दुखणं अधूनमधून येत राहील. मास्तरांनी मान हलवली.

बायको रोज येऊन बसे. त्या संध्याकाळी घरी न्यायच्या कपड्यांची घडी घालताना तिला सदऱ्यावर पांढरी फुली दिसली.

"ही कसली खूण?"

"तुझ्या भावाने केलीय. तिथे दुखतं."

तिने सदरा खाली ठेवला आणि चादरीवरून, न दाबता, तिथे तळहात ठेवला. मास्तरांना आधी नुसता हाताचा भार कळला. ऊब कळायला बराच वेळ लागला.