दूरच्या बेटांचे त्रिकोण

साइमीनं वर्षभर खडक केले. दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. तुर्कू शहरातल्या एका छोट्या कंपनीत ती गेमसाठी जमीन, पाणी, झाडं तयार करायची, आणि तिच्या वाट्याला आला होता होडी वल्हवत बेटाबेटांवर फिरणाऱ्या एका मुलीचा गेम. साइमीचं लहानपण कुस्तावी गावाजवळच्या समुद्रात, एल्वीमावशीच्या बेटावर गेलेलं. तिथले खडक लालसर, गुळगुळीत, मध्येच एखादी खाच पडलेले. तिला अगदी तसेच हवे होते.

२०११ साल होतं, आणि टेसलेशन हा शब्द तेव्हा गेम खेळणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी होता. संगणकातला खडक म्हणजे मुळात मोठमोठ्या त्रिकोणांचा ठोकळा. गेम चालू असतानाच ग्राफिक्स कार्ड त्या त्रिकोणांचे बारीक तुकडे करतं आणि ते वरखाली सरकवतं, म्हणजे खडकाला खरोखरचा उंचवटा येतो, खरोखरची खाच येते. साइमीच्या हाती हे लागलं आणि तिला थांबवणं कुणाला जमेना.

तिचा नवरा याल्मारी आणि मी एकाच खोलीत बसायचो. आमच्या मासिकासाठी तो कार्डं तपासायचा, मी त्यांचे फोटो काढायचो. त्या शरद ऋतूत दोन नवी कार्डं आली होती. याल्मारीनं त्यांना थोरलं आणि धाकटं अशी नावं ठेवली होती. थोरलं महाग, तापट आणि आवाज करणारं. धाकटं स्वस्त आणि शांत, पण नेहमीच्या गेममध्ये थोरल्याच्या जेमतेम पाऊलभर मागे. मग याल्मारीनं साइमीचा अजून बाजारात न आलेला गेम लावला, आणि धाकटं कोसळलं. थोरल्यावर होडी लोण्यासारखी चालत होती, धाकट्यावर ती अडखळत, धापा टाकत.

आमचे संपादक खूश झाले. "मुखपृष्ठावर घे," ते म्हणाले. "धाकटं नापास! असं ठळक लिही."

याल्मारीला मात्र ते पटत नव्हतं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे कॉफीला गेलो तेव्हा तो साइमीला सांगत होता, "अगं, एका गेमवरून मी कार्ड नापास कसं करू? बाकी सगळीकडे ते छान चालतंय."

"एक गेम नाही, माझा गेम," साइमी म्हणाली. "छापा की! फुकटात नाव होईल."

"लोकांना वाटेल, टेसलेशन कमी म्हणजे कार्डच टाकाऊ. टेसलेशन बंद केलं तर दोन्ही कार्डं सारखी पळतात. बघ." त्यानं कळ दाबली.

साइमीनं पडद्याकडे पाहिलं. "हे बटाटे आहेत."

"खेळणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

"तुला कळत नाही. तू खडक कुठे बघतोस, सेकंदाला किती चित्रं येतात ते आकडे बघतोस. लग्नात माझ्याकडे तरी बघितलं होतंस का, की सेकंदाला किती वेळा पापण्या मिटते ते मोजत होतास?"

"मोजलं होतं," याल्मारी म्हणाला. "उत्तम निकाल होता."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं आणि कप धुवायला निघून गेली. तिला लागलं होतं, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

तोड काढली ती याल्मारीनंच. रविवारी एल्वीमावशी जेवायला येणार होती. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला बेट सोडून गावात फ्लॅटमध्ये यावं लागलं होतं, आणि तिथे तिचं मन लागत नव्हतं. याल्मारी म्हणाला, "दोन संगणक शेजारी शेजारी लावू. कुठल्यात काय आहे ते मावशीला सांगायचं नाही. तिला जो आवडेल तो खरा."

"कबूल," साइमी म्हणाली.

मावशी आली, काठी दाराशी ठेवली, स्मोक केलेला पर्च मासा आणि काळ्या पावाचे चार तुकडे संपवले आणि खुर्चीत बसली. वल्ही कशी मारायची हे शिकायला तिला वेळ लागला, पण एकदा जमल्यावर ती कुणाचं ऐकेना.

पहिल्यांदा धाकट्यावर सगळे खडक पूर्ण बारकाव्यानं लावले होते.

"होडीला उचकी लागलीय का गं?" मावशी म्हणाली. "मला मळमळतंय."

याल्मारीनं साइमीकडे पाहिलं. साइमीनं छताकडे.

मग त्याच कार्डावर टेसलेशन बंद केलं. आता होडी सुरेख चालली. मावशी किनाऱ्याला लागली, मुलीला खाली उतरवलं आणि थबकली. "हे कुठलं बेट? इथे बसणार कुठे माणूस? घसरून पडेल."

आता छताकडे बघायची पाळी याल्मारीची होती.

शेवटी थोरल्या कार्डासमोर तिला बसवलं. खडक सगळे जागेवर, होडीही लोण्यासारखी. मावशी किनाऱ्याला लागली आणि पुढे सरकेचना. पडद्याला नाक लावून एकाच खडकाशी खेळत राहिली. "अगं, ही खाच! इथे आम्ही दोर अडकवायचो. पोरी, तुझ्या लक्षात कशी राहिली?"

साइमी तिच्या खुर्चीशेजारी खाली बसली. मावशीची नजर जवळच्या खडकावरून हलत नव्हती. मग तिनं विचारलं, "मावशी, ते पलीकडचं बेट कसं वाटतंय?"

"बेटासारखं. तिथे गेल्यावर बघू ना! मला आधी इथलं बघू दे."

साइमी उठली ती सरळ दुसऱ्या संगणकाकडे गेली. "याल्मारी, इकडे ये. मी क्षितिजावरचा खडकसुद्धा पायाखालच्या खडकाइतकाच बारीक कापलाय. तिथला एकेक त्रिकोण पडद्यावरच्या ठिपक्याहून लहान आहे. कार्ड बिचारं न दिसणाऱ्या गोष्टीसाठी मरतंय."

"मग दूरचं जाड ठेव, जवळ येईल तसं बारीक कर."

"दूरच्या बेटांवर मी तीन महिने घालवलेत रे."

याल्मारीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ते वाया नाही जात. होडी तिथे पोचली की दिसणारच आहेत."

पुढचा आठवडा ती तेच करत होती. एकेका बेटाला हात लावताना कुरकुरत होती, असं याल्मारीनं मला सांगितलं. गेमची सुधारलेली आवृत्ती हाती आली तेव्हा त्यानं दोन्ही कार्डं पुन्हा तपासली. थोरलं अजूनही पुढेच होतं, पण धाकटं धापा टाकत नव्हतं. दोन्हीकडे मावशीची खाच जागच्या जागी होती.

याल्मारीनं लेखात तसंच लिहिलं: टेसलेशनचा आकडा जरूर बघा, पण तो तुम्ही खेळता त्या गेममध्ये, तुम्हाला दिसेल तेवढ्या बारकाव्यावर बघा. खास त्यासाठीच बनवलेल्या चाचणीत थोरलं कार्ड दुप्पट पुढे आहे. खेळताना तो फरक खूपच आटतो. भरपूर खडकांचे गेम खेळायचे असतील आणि आवाज चालत असेल तर थोरलं घ्या, नाहीतर धाकटं पुरेसं आहे. गेम आपल्या बायकोनं केलाय, हेही पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलं.

संपादकांनी तोंड वाकडं केलं आणि लेख आतल्या पानावर ढकलला. वाचक महिनाभर भांडले. निम्म्यांच्या मते याल्मारी धाकट्याला विकला गेला होता, निम्म्यांच्या मते थोरल्याला. तो ती पत्रं जेवताना साइमीला मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि दोघं पोट धरून हसायची.

साइमीचा गेम फार खपला नाही, पण कंपनी बंद पडली नाही एवढं झालं. मावशीच्या संगणकात याल्मारीनं धाकटं कार्ड बसवून दिलं, कारण फ्लॅटमध्ये तिला आवाज सहन होत नसे. मार्चमध्ये मी सहज तिच्याकडे गेलो तर दार शेजारच्या बाईनं उघडलं. आत मावशी पडद्यासमोर, आणि दोघींचा वाद रंगात आलेला: वारा अंगावर येत असताना होडी बेटाच्या कुठल्या बाजूला लावायची.

"तू बस," मावशी मला म्हणाली. "कॉफी तुझी तूच कर. आम्हाला अजून बेट लागलेलं नाही."