द चा रिकामा खिसा

शिवणघरात सुया ढिगाने होत्या, बोबिनी डबाभर होत्या, पण मोठी कात्री एकच. काळ्या मुठीची, हातात घेतली तर मनगटाला ओझं वाटावं अशी. ती सासूबाईंच्या उजव्या हाताशी, कापायच्या मेजावर पडलेली असे. ज्याच्या हाती ती कात्री त्याच्या हाती शिवणघर, हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे. कापड बेतायचं कुणी, कापायचं कुणी, कुणापुढे काय टाकायचं, सगळं त्या कात्रीमागून चाले.

आता सासूबाईंची नजर अधू झाली होती. परवा त्यांनी खेळण्यातल्या कापडी सशाचा कान कापताना त्याचं डोकंच अर्धं केलं, आणि मग स्वतःशीच हसून त्या म्हणाल्या, "झालं. आता देव म्हणतो, बाई, हात आवर. एवढं खिशांचं काम उतरलं की कात्री तुमच्यापैकी एकीच्या हाती देते."

'एकीच्या'! थोरल्या सुनेच्या कानात तो शब्द खड्यासारखा अडकला. अहो, 'थोरलीच्या' म्हणायला काय जीभ झिजत होती? लग्न होऊन आली तेव्हापासून ती या मशीनवर वाकली होती. शिवणघराची भिंत ओली झाली तेव्हा कापडाचे गठ्ठे तिने स्वतःच्या खाटेवर ठेवले आणि आपण जमिनीवर झोपली. आणि धाकटी? धाकटी आली कालपरवा. पण तिच्या बोटांत देवाने काय घातलं होतं कोण जाणे. तिने शिवलेलं माकड दुकानात मांडलं की येणारी बाई आधी त्याला गोंजारायची आणि मग विचारायची, "कुणी केलं हो हे?" थोरलीने शिवलेलं अस्वल शेजारीच बसलेलं असायचं. नेटकं, पक्क्या टाक्यांचं, दहा मुलांनी आपटलं तरी न उसवणारं. त्याला मात्र कुणी गोंजारत नसे.

खिशांचं काम होतं शिशुशाळेचं. शाळेच्या बाई मोठ्या हौशी. त्यांना भिंतीवर टांगायला कापडाचा पडदा हवा होता. प्रत्येक अक्षराला एक खिसा, आणि खिशात त्या अक्षराचे प्राणी. मुलाने हात घालायचा, प्राणी काढायचा, नाव घ्यायचं. मात्र अट एकच.

"फक्त सस्तन," बाई बजावून गेल्या होत्या. "पिल्लाला दूध पाजतात तेवढेच. पक्षी नको, मासा नको, साप-बेडूक तर नकोच. सगळे एका दुधाचे भाऊबंद, हे मुलांना कळलं पाहिजे."

सासूबाईंना हे फार आवडलं. "बघा," त्या म्हणाल्या, "उंदराला दूध दिलं, हत्तीलाही दिलं. देणाऱ्याने वाटी लहान-मोठी केली, पण उपाशी कुणाला ठेवलं नाही." आणि गुणगुणत त्यांनी अक्षरं वाटून दिली.

थोरलीच्या वाट्याला ग आला, त्यात गाय, गाढव, गेंडा. ह आला, त्यात हत्ती आणि हरीण. व आला, त्यात वाघ-वानर. ताट असं भरभरून वाढलेलं. आणि सगळ्यात शेवटी आला द. द मध्ये काही सुचेना. भरल्या ताटावर बसलेल्या माणसाचं लक्ष एका रिकाम्या वाटीकडे लागावं, तसं तिचं झालं. शिवाय शेजारच्या ताटात डोकावायची खोड होतीच. धाकटीला म मिळाला होता. मांजर, माकड, म्हैस, मेंढी, मुंगूस! अख्खं रान तिच्या मांडीवर खेळत होतं.

थोरलीने नवऱ्याला विचारलं, "अहो, द वरून एखादा प्राणी सांगा ना. दूध पाजणारा."

"आधी मला चहा पाज, मग सांगतो."

चहा पिऊन तो म्हणाला, "दमलेला नवरा. द चा आहे, सस्तन आहे, घाल खिशात."

"तुम्हाला खिशात घालून आजवर काय मिळालं?" असं म्हणून ती उठली.

दुसऱ्या दिवशी ती धाग्याची गुंडी मागायला धाकटीच्या मशीनपाशी गेली, आणि तिथेच थबकली. धाकटीच्या हातात मगर होती. हिरव्या मखमलीची. पाठीवर तिकोनी काटे ओळीने उभे, जबडा उघडा, आणि त्या जबड्यात, दातांच्या मधोमध, एक इवलंसं पिल्लू डोळे मिटून बसलेलं.

"मी एका चित्रात पाहिलं, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "एवढे मोठे दात, पण पिल्लाला तोंडात धरून पाण्यात नेते. ओरखडासुद्धा उमटू देत नाही. म्हटलं, हिला म मध्ये घेतलीच पाहिजे."

थोरलीला कळायला क्षणही लागला नाही. मगर अंडी घालते. दुधाशी तिचा काय संबंध? बाई खिशात हात घालणार, मगर निघणार, आणि सासूबाईंच्या समोर या गुणी बोटांची शोभा होणार. सांगायचं म्हटलं तर एका वाक्याचं काम होतं. वाक्य जिभेवर आलंही. पण पोटात जे बसलं होतं त्याने ते मागे ओढलं.

"छान झालीय गं," थोरली म्हणाली.

धाकटीने मान वर केली. घरात आल्यापासून थोरलीच्या तोंडून 'छान' हा शब्द तिने पहिल्यांदा ऐकला होता. तिचा चेहरा असा फुलला की थोरलीला तिकडे बघवेना.

"जाऊबाई," धाकटी घाईघाईने म्हणाली, जणू मिळाल्याची परतफेड लगेच केली पाहिजे, "तुमचा द अडलाय ना? देवमासा करा की! मी कापड काढून देते. निळं."

थोरलीच्या मनात लख्खकन वीज चमकली. अस्सं! मासा! बाई काय म्हणाल्या होत्या, मासा नको. आणि ही मला मासा करायला सांगतेय? म्हणजे मी हिला खड्ड्याकडे जाताना बघत उभी आहे, तर ही मला हात धरून खड्ड्यात घालते आहे! आपल्या मनात जो चोर असतो तोच आपल्याला दुसऱ्याच्या घरात शिरताना दिसतो. हे दुसऱ्याला समजावून सांगणं सोपं असतं, स्वतःला दिसणं कठीण.

"बघते," ती म्हणाली, आणि गुंडी न घेताच परतली.

बाई आल्या त्या दिवशी पडदा मेजावर पसरला होता. सासूबाई खुर्चीत बसून नुसता आवाज ऐकत होत्या. बाईंनी गेंडा काढला, वाहवा म्हणाल्या. हत्ती काढून त्याची सोंड ओढून पाहिली. "टाके पक्के आहेत हो," असं म्हणाल्या तेव्हा थोरलीला बरं वाटलं. मग बाईंचा हात द च्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला.

हीच वेळ होती. थोरली पदर सावरून गोड आवाजात म्हणाली, "आमच्या धाकटीने देवमासा सुचवला होता हो. मीच नको म्हटलं. म्हटलं, बाई हसतील."

"हसेन कशाला?" बाई म्हणाल्या. "अगदी बरोबर आहे! नावात मासा आहे, पण तो मासा नव्हे. श्वास घ्यायला पाण्यावर येतो, पिल्लाला दूध पाजतो. मी स्वतः द पाशी अडले होते. कुणाला सुचलं म्हणालात?"

"बघा, जाऊबाई!" धाकटीने टाळीच वाजवली. "तुमचा द भरला!"

तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. थोरलीने तो शोधला, चांगला कान देऊन शोधला, पण सापडला नाही. म्हणजे खड्डा होता तो एकच, आणि तो खणणारी ती स्वतःच होती.

तोवर बाईंचा हात म पाशी पोचला होता. मांजर निघालं. माकड निघालं, बाईंनी त्याला गोंजारलं, अर्थातच. म्हैस, मुंगूस. मगर लांबट, ती तळाशी आडवी पडली होती. बाईंची बोटं पुन्हा खिशाकडे वळली, आणि थोरली उठली कधी हे तिचं तिलाच कळलं नाही. तिने मध्येच हात घातला, मगर ओढून काढली.

"अगंबाई, ही इथे कुठे आली? ही यातली नव्हे."

"जाऊबाई, ती माझी..."

"तुझी कुठली? माझी आहे. टाचण्या टोचायची गादी." आणि मेजावरची एक टाचणी उचलून तिने मखमली पाठीत टोचली.

बाई खळखळून हसल्या. "मला पण एक करून द्या हो अशी!"

बाई गेल्यावर धाकटी जवळ आली. डोळ्यांत पाणी होतं, पण राग नव्हता. "काय चुकलं?"

"अंडी घालते गं ती."

"पण पिल्लाला तोंडात..."

"माया करते. दूध नसतं."

धाकटीने मगरीच्या जबड्यातल्या पिल्लावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मग त्या दिवशी तुम्ही छान म्हणालात, ते?"

थोरलीला वाटलं, जमीन दुभंगावी. "छानच झालीय," ती म्हणाली. "तेवढं खरं होतं. बाकीचं मला तेव्हाच सांगायला हवं होतं. माहीत असून गप्प बसले."

सासूबाई खुर्चीत होत्या. त्यांनी ऐकलं असेल, नसेलही. त्यांनी मेजावर हात फिरवून कात्री चाचपली, उचलली आणि मुठीकडून पुढे केली.

"धाकटे, धर. बेतायची नजर तुझी आहे."

थोरलीला वाटलं होतं, आपण आता शहाण्यासारखं वागलो, देव काहीतरी पदरात टाकेल. पण देव काही वाणी नव्हे, की इकडे पुण्य ठेवलं आणि तिकडून पुडी बांधून दिली. जुना हेवा होता तितकाच राहिला. धाकटीने दोन्ही हातांनी कात्री घेतली, मेजावर निळं कापड पसरलं, आणि पहिल्या घावालाच कापड सरकलं.

"जाऊबाई," ती म्हणाली, "दुसरं टोक धरा ना. एवढा मोठा देवमासा मला एकटीला नाही आवरायचा."

थोरलीने एक टाचणी उचलून मगरीच्या पाठीत खुपसली. मग आणखी एक, जरा खोल. मग मेजाच्या पलीकडे जाऊन तिने निळ्या कापडाचं टोक घट्ट धरलं.

"इतकं कडेने कापू नकोस," ती म्हणाली. "पोटापाशी पिल्लाला जागा ठेव."