नुडसनची जागा

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस संच आहे आणि माझा सगळा जन्म काळजी करण्यात गेला. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसली आली आहे काळजी? पण ज्याच्या कानावर दिवसभर फक्त संकटंच पडतात, त्याला दुसरं काय सुचणार? माझी खुशाली विचारायला कोणी येत नाही. माझ्यातून आवाज आला, की समजायचं कुणाची तरी गाडी चरात गेली आहे, कुणाची गुरं हमरस्त्यावर आली आहेत, नाहीतर कुणाचं म्हातारं माणूस अजून घरी परतलेलं नाही.

शिकागोच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे बायका लांब बाकांवर ओळीने बसून तारा जोडायच्या. एकीने माझ्या पोटातली शेवटची तार जोडली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "जा बाबा, खूप बोल." मी खूप बोललो, पण सगळं दुसऱ्यांचं. माझा स्वतःचा एक शब्दसुद्धा मला कधी उच्चारता आला नाही. या दुःखाची खरी धार मला पुढे एका ऑगस्टमध्ये कळली.

तिथून मी लाकडी खोक्यातून मोंटानाच्या पूर्व भागातल्या आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, आलो. शेरीफची, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाची, कचेरी न्यायालयाच्या तळघरात आहे. गव्हाच्या उंच कोठीवर माझी तार चढवली आणि खाली मी बोलू लागलो. हिमवादळात वाट चुकलेल्यांना मी घरी आणलं. एका बाळाचा जन्म गाडीतच झाला, तेव्हा दाईच्या सूचना माझ्याच तोंडून गेल्या. जुने शेरीफ येताजाता माझ्यावर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "हा आहे म्हणून आपण आहोत." त्या काळात मी फार चढून गेलो होतो, हे कबूल करायला हवं.

मग नवा संच आला. त्याला पडदा, त्याला रंगीत दिवे. मला कोपऱ्यात सरकवलं आणि माझ्या डोक्यावर कॉफीचा डबा ठेवला. मोडीतच निघायचो, पण रस्तेखात्याच्या ग्रेडरवर, म्हणजे रस्ता सपाट करणाऱ्या यंत्रावर, आणि काही शेतकऱ्यांच्या ट्रकमध्ये अजून जुनेच संच होते. त्यांच्यापुरता मी उरलो.

आमच्या कचेरीत माणसं मोजकीच. शेरीफ क्लेटन रोस्टाड, त्याचे दोन डेप्युटी आणि फोन घेणारी वर्ना. वर्नाला कचेरीत इतकी वर्षं झाली आहेत, की शेरीफ बदलतात आणि ती तीच राहते. एवढ्या मोठ्या मुलखाला एवढी माणसं कशी पुरणार? म्हणून गावचे स्वयंसेवक अग्निशामक, शेजारची काउंटी, सरकारी कुरणांची आगतुकडी आणि पलीकडच्या राखीव मुलखातली आदिवासींची तुकडी असे सगळे एकमेकांच्या हाकेला धावतात. दर महिन्याला त्यांची बैठक आमच्या तळघरात भरते. कोण कुठून यायचं, कोणी पाणी आणायचं, सगळं तिथे ठरतं. एकच गोष्ट कधी ठरली नाही. कुठल्या घराला काय म्हणायचं, ती.

आमच्याकडे घराला कधीच राहणाऱ्याचं नाव नसतं. जो सोडून गेला किंवा देवाघरी गेला, त्याचं असतं. ऑर्विल आणि आयलीन नुडसन यांनी ओढ्याकाठचं घर व्हिपल नावाच्या माणसाला विकलं आणि ते टेकाडापलीकडच्या मर्फीच्या घरात राहायला गेले. त्या दिवसापासून व्हिपलच्या घराला लोक 'नुडसनची जागा' म्हणू लागले आणि नुडसन राहायचे ती झाली 'मर्फीची जागा'. बिचारा मर्फी कधीच दफनभूमीत गेला होता. सरकारने घरांना नंबरांच्या पाट्या दिल्या होत्या, पण त्या कुणी गोठ्यात टांगल्या, तर कुणी नेमबाजीला लावल्या.

बैठकीत कुरणवाल्यांचा माणूस एकदा वैतागून म्हणाला, "अहो वर्ना, ही नुडसनची जागा माझ्या नकाशावर सापडत नाही."

"नकाशावर कशी सापडेल? आमच्या डोक्यात आहे ती," वर्ना म्हणाली.

"आणि ज्याला तुमचं डोकं नाही त्याने काय करायचं?"

"त्याने लिंबाची वडी खायची आणि गप्प बसायचं," वर्ना वड्यांचं ताट पुढे करत म्हणाली.

सगळे हसले. मला वाटलं, ओरडून सांगावं, हसू नका रे, हे कधीतरी अंगाशी येईल. पण माझं तोंड दुसऱ्याच्या हातात.

तो ऑगस्ट फार वाईट होता. डोंगरांकडच्या जंगलातल्या आगींचा धूर आमच्या मुलखावर येऊन बसला होता. आभाळ राखाडी, सूर्य तांबडा, गवत वाळून कोळ झालेलं. अशा दिवसांत नवा धूर कुठला आणि जुना कुठला, कळायचं कसं? दर फोनला वर्ना दचकायची आणि तिच्याबरोबर मीही.

एका दुपारी फोन वाजला. मरिसोल बोलत होती. ही पोरगी टेक्सासहून दोन वर्षांपूर्वी आली होती आणि शाळेची बस चालवायची. शाळा उघडण्याआधी रस्ता बघायला ती रिकामी बस घेऊन निघाली होती. बसमधला संच दुरुस्तीला गेलेला, आणि मोबाईल लागायचा तो फक्त टेकाडाच्या माथ्यावर.

"मॅडम, आग लागलीय! नुडसनच्या घरामागे गवत पेटलंय. वारा घराकडेच आहे. मी जाते तिकडे!"

"अगं, थांब, तू नको..." वर्ना म्हणाली, पण बस टेकाड उतरली होती आणि फोन तुटला होता.

वर्नाने एका हातात नव्या संचाचा माइक घेतला आणि दुसऱ्यात माझा. "सर्वांना! नुडसनच्या जागेवर गवताची आग. सगळे निघा." क्लेटन निघाला, गावचे बंब निघाले. शेजारच्या काउंटीला आणि आदिवासींच्या तुकडीलाही निरोप गेला. सगळे एकजात ओढ्याकडे वळले. मी ते ऐकत होतो. मरिसोल ज्या टेकाडावरून बोलली, ते टेकाड ओढ्यापासून पार उलट्या अंगाला आहे, हे मला कळत होतं. फोनमध्ये घोंगावणारा तो टेकाडावरचा वारा मी ओळखतो. पण सांगणार कसा?

इतक्यात दार उघडून कोण यावं? स्वतः आयलीन नुडसन. ती औषधं न्यायला गावात आली होती आणि शेरीफच्या माणसांसाठी लिंबाच्या वड्या घेऊन आली होती. ऑर्विलच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, त्याला एकट्याला चालता येत नव्हतं आणि कानानेही तो बेताचाच. त्याला खुर्चीत बसवून ती तेवढ्यापुरती बाहेर पडली होती.

"काय झालं गं, एवढी घाबरलीस?" तिने विचारलं.

"नुडसनच्या जागेवर आग आहे."

आयलीनने छातीवर हात ठेवला. "अरे देवा! बिचारे व्हिपल. त्यांची वासरं त्याच अंगाला आहेत गं."

ऐकलंत मित्रांनो? प्रत्यक्ष आयलीन नुडसनला नुडसनची जागा म्हणजे आपलं घर, असं वाटलं नाही. ती खुर्ची ओढून बसली आणि व्हिपलसाठी प्रार्थना करू लागली. माझा जीव आतल्या आत तडफडत होता.

मग क्लेटनचा आवाज आला. "वर्ना, मी नुडसनच्या जागेवर पोचलोय. इथे काही नाही. व्हिपल झाडांना पाणी घालतोय. म्हणतो, आग कसली?"

"नीट बघ. धुरात दिसत नसेल."

"अगं, धूर सगळीकडेच आहे. आग नाही. फोन कुणी केला होता?"

"मरिसोलने. बसवाल्या मरिसोलने."

वर्ना बोलता बोलता थांबली. आयलीनची प्रार्थनाही थांबली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"ती इथली नाही," आयलीन हळूच म्हणाली. "तिला काय माहीत आम्ही आधी कुठे राहायचो ते. वर्ना, ती आम्हालाच नुडसन म्हणते. आमच्या घराला." वड्यांचं ताट तिच्या मांडीवरून खाली गेलं. "माझा ऑर्विल एकटा आहे गं घरी!"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण तुम्ही हसत हसत म्हणत असाल. मला त्या दिवसापासून हसू येत नाही.

"सगळे मागे फिरा!" वर्ना दोन्ही माइकमध्ये किंचाळली. "मर्फीची जागा! मर्फीची! ऑर्विल आत आहे!" क्लेटनने शिवी हासडली आणि गाडी वळवल्याचा आवाज आला. पण ओढ्यापासून टेकाडापलीकडे जायचं म्हणजे अर्धी काउंटी ओलांडायची. आयलीन घरी फोन लावत होती आणि तो नुसताच वाजत होता.

तेवढ्यात माझ्या जुन्या वाहिनीवर एक घोगरा आवाज आला. रस्तेखात्याचा लायल. ग्रेडर चालवणारा हा माणूस, महिन्यात चार वाक्यं बोलला तर पुष्कळ.

"वर्ना, मी मर्फीच्या जागेजवळच आहे. खडी पसरतोय. धूर मघापासूनच दिसतोय, पण तुम्ही सगळे नुडसनकडे धावलात, म्हटलं हा डोंगराकडचाच असेल."

"लायल, जा! आधी तिकडे जा!"

"निघालोच."

मग बराच वेळ नुसती खरखर. वर्ना माझा माइक धरूनच बसली होती.

"मी घरामागे आहे," लायल बोलला. "पात्याने गवत खरवडून घराभोवती मातीचा पट्टा काढतोय. गोठा गेला. आग पट्ट्याला टेकलीय. मी थांबलो तर घर जाईल. फिरत राहू, की उतरून त्याला काढू?"

 आयलीनने वर्नाच्या हातातून माइक घेतला.

"उतर, लायल. घर जळलं तर जळू दे. तो आतल्या खोलीत खुर्चीवर असेल. दार वाजवत बसू नकोस, त्याला ऐकू येत नाही."

"बरं. उतरतो." मग लगेच, "थांब. थांब जरा. अंगणात पिवळी बस आहे."

आम्ही कोणी श्वास घेतला नाही. मला श्वास नसतो, तरीही.

"आयलीन, ती टेक्सासची पोरगी तुझ्या नवऱ्याला पाठुंगळी मारून बाहेर आणतेय. आणि तो तिला शिव्या देतोय."

"शिव्या देतोय ना?" आयलीन रडता रडता ओरडली. "मग बरा आहे तो! मेला चांगला धडधाकट आहे!"

"मी पट्टा पुरा करतो," लायल म्हणाला.

बंब पोचेपर्यंत घर उभं होतं, एका भिंतीचा रंग तेवढा करपला. आदिवासींची तुकडी आणि कुरणवाले यांनी मिळून उरलेली आग संध्याकाळपर्यंत विझवली.

पुढच्या बैठकीला मरिसोललाही बोलावलं. "पण मी तर नुडसनचं घर बरोबर सांगितलं होतं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तेव्हा वर्नाने खाली मान घालून तिला आमची रीत समजावली. मरिसोलने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी राहते त्या घराला माझं नाव मी मेल्यावर मिळणार?"

त्यावर कोणी हसलं नाही. शेरीफ क्लेटनने टोपी काढून टेबलावर ठेवली.

हिवाळ्यात एकदा मरिसोलच्या धुराड्याने पेट घेतला. वर्नाने माइक उचलला. जीभ तिची सवयीने जुन्या मालकाच्या नावाकडे वळत होती. पण ती म्हणाली, "सर्वांना! मरिसोल ओचोआच्या घरी धुराडं पेटलंय." उत्तरादाखल एकाच वेळी इतके आवाज आले, की माझ्या जुन्या तारा तापल्या. एकानेही 'कुठे?' असं विचारलं नाही.

आता ग्रेडरवरही नवे संच बसणार आहेत आणि मला उतरवून ठेवतील. कुठे, ते ठाऊक नाही. काळजी करायची सवय आहे, ती माळ्यावरही सुटायची नाही. म्हणून मित्रांनो, जाता जाता एक विनंती. आम्हा जुन्या यंत्रांना जपा, हे तर आहेच. पण तुमच्या शेजारच्या घरात कोणी नवीन माणसं राहायला आली असतील, तर त्यांच्या दाराशी जा आणि नाव विचारून या. आजच जा, ती तिथे राहत आहेत तोवर.